कायचं ऑपरेशन झालं?

तिवस्याला माझं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. एखादा शेतकरी येतो आणि म्हणतो, "कपाशीवर काहीतरी पडलं भाऊ, औषध द्या." मी देत नाही. "पान घेऊन या," म्हणतो. काही जण चिडतात, पुन्हा वावरापर्यंत जावं लागतं म्हणून मला नावं ठेवतात, पण पान आणतात. न पाहता औषध देणारा दुकानदार मला आवडत नाही.

असा हा कडक माणूस स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र अमरावतीच्या कॅम्पातल्या एका मेडिकलमधून, मग दुसऱ्या मेडिकलमधून, "दोस्ताले पायजे" असं सांगून मलम आणत होता. एका दुकानात काउंटरवर बाई बसली होती, तर तिथून मी डोकेदुखीची गोळी घेऊन परत आलो.

दुखणं काय ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ ते न सांगण्यानेच झाला. माझ्या लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे सरकत नव्हती. जन्मापासून. डॉक्टर त्याला फायमोसिस म्हणतात. लहान मुलांत हे असतंच आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप सुटतं. माझं सुटलं नाही. हे वाचताना ज्याचे कान गरम झाले असतील, मुख्यतः त्याच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, तुमच्याही घरात एखादा असेल.

वसतिगृहात कळलेली गोष्ट

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होतो, तेव्हा वसतिगृहातल्या पोरांच्या चावट गप्पांमधून माझ्या ध्यानात आलं की आपलं काहीतरी वेगळं आहे. तोवर मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. विचारणार कोणाला? बाबांशी माझं बोलणं पाऊस आणि कापसाचा भाव यांच्यापुढे कधी गेलंच नव्हतं. आईला विचारायचा प्रश्नच नाही.

मग मी ते अंगवळणी पाडून घेतलं. लघवीच्या वेळी कातडी फुगायची आणि धार वाकडीतिकडी जायची, म्हणून सार्वजनिक मुतारीत मी नेहमी कोपरा धरायचो. उन्हाळ्यात चिरा पडायच्या. अमरावतीहून तिवस्याला रोज मोटारसायकलने जाताना त्या चिरांची अशी आग व्हायची की मोझरीच्या पुढे मी पेट्रोलच्या टाकीवर ओणवा होऊन गाडी चालवायचो. लोकांना वाटायचं, मंगेशला फार घाई असते.

लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा खरी पंचाईत झाली. दोन स्थळं मी मुलगी न पाहताच नाकारली. "याले अप्सरा पायजे," असं आई शेजारी सांगत सुटली. मी ऐकून घेतलं. अप्सरा आली असती तरी मी तिलाही नाकारलं असतं, इतकी मला त्या पहिल्या रात्रीची धास्ती होती.

तिसरं स्थळ अकोल्याचं. अश्विनी तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. पाहायला गेलो तर पोह्यांची बशी हातात देता देता तिने मलाच विचारलं, "तुमच्या दुकानात बोगस बियाणं विकता काय?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण प्रश्न गंभीर होता. मी नीट उत्तर दिलं, तिने नीट ऐकलं. परत येताना गाडीत मला कळून चुकलं की हिला नाही म्हणणं मला जमणार नाही.

उन्हाळ्यात साक्षगंध झालं. तिचे बाबा निवृत्त तलाठी, मोजकं बोलणारे. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार आहे, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्यासाठी चहा वेगळा आला होता. अंगठ्या घालायची वेळ झाली तेव्हा ते जागेवर नव्हते. बाथरूमकडे गेलेले. सगळे थांबले. बऱ्याच वेळाने ते ओल्या हातांनी घाईघाईत येऊन उभे राहिले, आणि त्यांचे मेहुणे, म्हणजे अश्विनीचे मामा, सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊजीचं हे नेहमीचंच हाय." लग्न मार्गशीर्षात ठरलं.

बाथरूममधला मूर्खपणा

लग्न ठरल्यावर माणूस कपडे शिवतो, घराला रंग देतो. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहू लागलो. त्यातला एक बुवा सांगत होता, गरम पाण्याने शेकून एकदाच हिंमत करा. पेरणीचे दिवस होते, दुकानात बियाण्यासाठी सकाळपासून गर्दी असायची. एका सकाळी दुकानात जायच्या आधी मी हिंमत केली.

कातडी मागे गेली आणि तिथेच अडकली. पुढे येईना. बघता बघता पुढचा भाग सुजायला लागला, निळसर दिसू लागला. बाहेरून आई ओरडत होती, "मंगेश, तुया डबा भरून ठेवला!" आणि मी आत भिंतीला टेकून घामाने भिजलो होतो. आजवर लाजेने मेल्यासारखं पुष्कळदा झालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच नुसती भीती होती, लाज कुठल्या कुठे गेली.

हे ठळक करून सांगतो: जोर लावू नका. आणि कधी अशी अडकलीच, तर संध्याकाळची वाट न पाहता त्याच पावली दवाखाना गाठा. तिथलं रक्त फिरायचं थांबलं तर तो भाग कायमचा गमवायची पाळी येते.

मी ऑटो केला. ऑटोवाल्याला गल्लीतले खड्डे चुकवायला सांगत सांगत मूत्ररोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात पोचलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय तरास आहे?" माझ्या मागे रांग होती. मी म्हणालो, "इमर्जन्सी आहे." ती म्हणाली, "कायची?" मी तिच्याकडे नुसता पाहत राहिलो. तिला माझ्या तोंडावरूनच काही समजलं असावं. तिने पुढचं न विचारता मला आत सोडलं.

आतल्या सिस्टरबाई माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी माझ्या पोटावर पांढरी चादर टाकली आणि म्हणाल्या, "इथं रोजच येतात बाबू, तू काही पयला नाहीस." त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं. डॉक्टरांनी सुन्न करायचं मलम लावलं, सूज हातात धरून दाबत दाबत उतरवली आणि कातडी जागेवर आणली. दुखलं. मी सिस्टरबाईंचा हात इतका आवळला की त्यांची बांगडी वाकली.

मग डॉक्टर स्टूल ओढून बसले. "किती वर्षांपासून आहे?"

"पयल्यापासून."

"मग आलात काहून नाही?"

मी चादरीची कड नीट करत बसलो. त्यांनी माझी साखर तपासायला सांगितली. मी म्हणालो, मला साखर-बिखर काही नाही. ते म्हणाले, "पाहून घेऊ. उतारवयात ज्यांना हा त्रास नव्याने सुरू होतो, त्यांच्यात पुष्कळदा मुळाशी साखर असते. वारंवार चिरा, खाज, मग कातडी आवळत जाते. बिचारे कोणाला सांगत नाहीत." माझी साखर बरोबर निघाली. पण त्यांचं ते बोलणं कुठेतरी डोक्यात राहून गेलं.

टेबलावरून उतरताना मी एक गोष्ट पक्की केली. मार्गशीर्षाच्या आत हे संपवायचं. काहीही होवो.

मलम, आणि मग चाकू

लगेच कापाकापी करतील असं मला वाटलं होतं. तसं नसतं. सूज पुरती उतरल्यावर डॉक्टरांनी आधी मलमच दिलं. दिवसातून दोनदा लावायचं, हलक्या हाताने थोडा ताण द्यायचा, दुखायच्या आधी थांबायचं. "बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं," ते म्हणाले. मी नेमाने केलं. सोयाबीन गुडघ्याला लागेपर्यंत केलं. थोडा फरक पडला, चिरा कमी झाल्या, पण कातडीच्या टोकाला एक पांढरट, कडक वळं तयार झालं होतं, ते काही सैल होईना.

तेव्हा त्यांनी दोन वाटा समजावून सांगितल्या. एक, छोटा छेद देऊन कातडी रुंद करायची आणि ठेवायची. दुसरी, ती काढूनच टाकायची. "तुमच्या जागी मी काढली असती," ते म्हणाले, "कडक झालेली आहे, ठेवली तर पुन्हा आवळेल. पण कातडी तुमची, ठरवा तुम्ही." मी तिथेच ठरवलं.

सगळ्यात आधी अश्विनीला सांगितलं. फोनवर. शेतातल्या कुठल्याही रोगाबद्दल मी अर्धा तास बोलू शकतो, पण त्या दिवशी तीन-चार वाक्यांना घाम फुटला. मला वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली, "लय दुखते काय?"

"दुखते."

"मंग करून टाका ना. मले काहून इचारता?"

मी फोन कानाला लावून दुकानाच्या मागे खताच्या पोत्यांवर बसून राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिला कळू नये म्हणून मी घसा खाकरत होतो. मग मीच माझी माती केली. म्हणालो, "तुमच्या घरी मात्र सांगू नका." ती "बरं" म्हणाली, पण ते "बरं" काही मनापासून नव्हतं.

आई-बाबांना सांगितलं तर बाबा उठून अंगणात गेले. परत आल्यावर म्हणाले, "आपल्यात हे करत नाहीत."

"आपल्यात अपेंडिक्स काढतात ना? हेही तसंच."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकांले काय दाखवाचं आहे काय बाबा मले?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी इतक्या चढ्या आवाजात बोललो. आईने रडूनबिडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आपली जुनी सुती साडी फाडून मला मऊ लुंग्या शिवून ठेवल्या.

शेजारच्या खाटेवरचे चाचा

पोळा झाला आणि ऑपरेशन झालं. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं सगळं परकं झालं. डॉक्टर काम करता करता मला तुरीवरच्या अळीबद्दल विचारत होते, त्यांचं शेत आहे म्हणे. मी छताकडे पाहत त्यांना औषधाचं प्रमाण सांगितलं. पान पाहिल्याशिवाय मी कोणाला औषध सांगत नाही, पण त्या दिवशी मी पान मागायच्या स्थितीत नव्हतो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक चाचा होते, अकोटचे, प्रोस्टेटसाठी आलेले. त्यांनी सिस्टरबाईंचं बोलणं ऐकलं होतं. मी जरा सावरलेला पाहून ते म्हणाले, "बेटा, घाबरतो काय? आमच्यात तर याची मिठाई वाटतात!" आणि खोकला येईपर्यंत हसले. मलाही हसू आलं आणि हसल्यावर टाके ओढले गेले. मी त्यांना हात जोडून सांगितलं की चाचा, हसवू नका.

दुखण्याबद्दल खरं सांगतो. इंजेक्शनचा असर उतरल्यावर ठणकतं, पण गोळ्यांनी आवरतं. त्याहून त्रास पहाटे होतो. पुरुषाच्या शरीराला झोपेत जे आपोआप होतं, ते टाके आहेत म्हणून थांबत नाही. सिस्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, उठायचं, चार पावलं चालायचं, लघवी करून यायचं. नुसत्या कापडाचा स्पर्शही सुरुवातीला झोंबतो. सूज पाहून वाटतं, काहीतरी बिघडलं. ती उतरते. टाके आपोआप गळतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी आरशापुढे उभा राहून इतका घाबरलो नसतो.

आता खऱ्या घोळाकडे येतो. आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेला की अख्खं गणगोत भेटायला येतं. न येणं म्हणजे भांडण. येणारा बिस्किटाचा पुडा नाहीतर सफरचंदं आणतो, खाटेच्या कडेला टेकतो आणि पहिलं विचारतो, "कायचं ऑपरेशन झालं?" या प्रश्नाची तयारी आम्ही केली नव्हती. वॉर्डातूनच आईने अश्विनीच्या आईला फोन केला आणि हर्निया सांगितला. त्याच वेळी बाबा बाहेर पायरीवर उभे राहून अश्विनीच्या बाबांना फोनवर मुतखडा सांगत होते. खिडकी उघडी होती. चाचांनी दोन्ही ऐकलं.

"अरे, झूठ बोलना था तो पहले घर में बैठ के एक तय कर लेते," ते म्हणाले.

टाके दाखव

घरी आल्यावर अश्विनीचे बाबा आणि मामा अकोल्याहून भेटायला आले. मी पुढच्या खोलीत आईच्या साडीची लुंगी लावून पडलेला. चहा झाला, सफरचंदांची पिशवी कोपऱ्यात गेली. मामा पूर्वी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"आमच्या बहिणीले हर्निया सांगतला. भाऊजीले मुतखडा सांगतला. नेमकं कायचं ऑपरेशन झालं बाप्पा?"

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी पंख्याकडे. आणि मी, कृषी पदवीधर, तोंड उघडून म्हणालो, "अपेंडिक्स."

"असं? मंग दाखव बरं टाके. उजव्या अंगाले असतात."

"पट्टी हाय मामाजी."

"पट्टीच दाखव."

मी लुंगी दोन्ही हातांनी घट्ट धरली. अश्विनीचे बाबा तेवढ्यात उठले आणि बाथरूम कुठे आहे ते विचारून तिकडे गेले. ते परत येईपर्यंत मामांची नजर माझ्या लुंगीवरून हटली नाही. ते आले, बसलेच नाहीत, "निघतो" म्हणाले. दोघे निघून गेले.

दोन दिवसांनी अश्विनीच्या बाबांचा माझ्या बाबांना फोन आला, तारीख जरा पुढे ढकलू म्हणून. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मुलात काहीतरी खोट आहे आणि अख्खं घर मिळून ती लपवून राहिलं आहे, असं कोणालाही वाटलं असतं. अश्विनीच्या जागी माझी बहीण असती तर मीही तेच केलं असतं.

मग अश्विनीचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. "मामा मले रोज इचारून राहिले, तुले माहीत हाय काय म्हणून. मी खोटं सांगणार नाही. अन् तुमाले शब्द देला म्हणून खरंही सांगून नाही राहिले. किती दिवस असं गप्प बसू? तुमी या अन् तुमच्या तोंडानं सांगा. नाही आले त मी समजीन काय समजाचं ते."

अकोल्याच्या बैठकीत

डॉक्टरांनी मोटारसायकल अजून बंदच ठेवली होती. नवरात्र लागायच्या आधी मी रेल्वेने अकोल्याला निघालो. बसायला लहान उशी घेतली होती. बाबा म्हणाले, "मी येतो." मी नको म्हणालो. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा एकदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. उतरलो नाही. समोरच्या बाकावरच्या बाईने उशीकडे पाहून विचारलं, "पाठीचं काही हाय काय?" मी म्हणालो, "नाही, लघवीच्या जागेचं ऑपरेशन झालं." ती "बरं बरं" म्हणून खिडकीबाहेर पाहू लागली. माझा आवाज कापला नाही, हे पाहून मला बरं वाटलं.

बैठकीत तिचे बाबा आणि मामा. स्वयंपाकघराच्या दारात अश्विनी आणि तिची आई. मी पाणी प्यालो आणि बायका आत जायची वाट न पाहता बोललो.

"हर्निया नाही, मुतखडा नाही, अपेंडिक्सही नाही. माझ्या लघवीच्या जागेची कातडी जन्मापासून आवळलेली होती. मागं सरकत नव्हती. ती डॉक्टरनं काढून टाकली. आमी तिघंही लाजेनं वेगवेगळं बोललो, ते चुकलं. अश्विनीले मी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. सांगू नका म्हणून मीच तिले बांधून ठेवलं. तिच्यावर राग धरू नका."

अश्विनीच्या आईने पदर तोंडाला लावला. पण आत कोणी गेलं नाही.

मामा कंपाउंडरच ते. त्यांनी सरळ विचारलं, "मंग पोराबाळाचं कसं?"

"त्यात काही अडचण नाही म्हणतात डॉक्टर. टाके पक्के भरेस्तोवर थांबाचं, मग सगळं बरोबर होते. आत्ता फोन लावून देतो, तुमी स्वतः इचारा."

मामांनी हातानेच फोन नको म्हटलं. मग म्हणाले, "एवढं होतं त सांगाचं नाही काय लेका! मी म्हटलं पोट्ट्याची किडनीच गेली." आणि चहा टाकायला सांगितला. दारातून अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. कितीतरी दिवस ती ते उचलून फिरत असावी.

तिचे बाबा मात्र उठून बाथरूममध्ये गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. चहा आला, संपला, मामांनी बोगस बियाण्यावर आपली मतं सांगितली, तरी नळ चालूच होता. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मला काहीतरी आठवत होतं, पण नेमकं काय ते लागत नव्हतं.

"चाला, स्टेशनवर सोडतो," ते म्हणाले.

स्कूटर त्यांनी इतकी हळू चालवली की ऑटोवाले मागून हॉर्न मारत होते. समोर खड्डा आला की ते सीटवरून थोडे उचलले जायचे, दोन्ही पाय घट्ट रोवून. मी त्यांच्या मागे बसून ते पाहत होतो. असं मीही कितीतरी वर्षं केलं होतं. मोझरीचा रस्ता आठवला, आणि डॉक्टरांचं ते बोलणंही.

फलाटावर आम्ही बाकावर बसलो. ते समोरच्या रुळांकडे पाहत होते.

"तुमचे ते डॉक्टर," ते म्हणाले, "साखरवाल्या माणसाचंही करतात काय?"

"करतात. आधी साखर ताब्यात आणतात, मग करतात. कधी कधी नुसत्या मलमानंही भागते."

"मलम लय लावलं. दोस्ताले पायजे म्हणून आणतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते पुढे बोलले नसते. "किती दिवसांपासून हाय?" मी विचारलं.

"अश्विनी कॉलेजात होती तवापासून." मग, "तिच्या आईलेही माहीत नाही. म्हणते, साखरेनं सारखं जा लागते. मीही हो म्हणतो."

गाडीची घोषणा झाली. मी म्हणालो, "सोमवारी या. मी दवाखान्यात संगं येतो. काउंटरवर बोलाचं मी पायतो."

ते उठले, माझी उशी त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "लग्नाची तारीख मात्र पुढंच राहू द्या," ते म्हणाले. मी उशी छातीशी धरली. तेवढ्यात ते म्हणाले, "कन्यादानाले पाटावर मांडी घालून बसा लागते. मले नीट बसता आलं पायजे ना."

एकच उत्तर

त्यांची साखर ताब्यात यायला वेळ लागला. मलमाने भागलं नाही. माझे टाके तोवर केव्हाच गळून गेले होते, मी पुन्हा मोटारसायकलवर ताठ बसून तिवस्याला जात होतो आणि लघवीची धार सरळ पडते या एवढ्याशा गोष्टीचा मला रोज सकाळी आनंद होत होता. कोणाला हसायचं तर हसावं.

त्यांचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं, त्याच सिस्टरबाईंच्या देखरेखीखाली. बाईंच्या हातात नवी बांगडी होती. मी मुद्दाम पाहिली. आईने माझ्यासाठी शिवलेल्या लुंग्या धुऊन, घडी करून अश्विनीच्या बाबांसाठी पाठवल्या होत्या. बाबा स्वतः त्या घेऊन आले आणि खाटेशी बसून राहिले. मुतखड्याचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईही आली, आणि अकोल्याहून माणसं भेटायला आली. मामा, चुलत भाऊ, शेजारी, तलाठी कार्यालयातले जुने सोबती. बिस्किटांचे पुडे खिडकीत रचले गेले. त्यांच्या वयाचे एक सोबती खाटेच्या कडेला टेकले आणि व्हायचं तेच झालं.

"कायचं ऑपरेशन झालं भाऊ?"

आई माझ्याकडे पाहू लागली, बाबा पंख्याकडे. मामांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी पुढे होऊन बोलणार, तोच खाटेवरून आवाज आला.

"लघवीच्या जागेची कातडी आवळली होती, ते काढली," अश्विनीचे बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमालेही साखर हाय ना? काही तरास असंन त लाजू नका. हे आमचे जवाई. हे घेऊन जातीन तुमाले."

त्या सोबत्यांनी विषय कापसाच्या भावाकडे वळवला. चहा पिऊन झाल्यावर सगळे उठले, तेव्हा मात्र ते मागे रेंगाळले आणि त्यांनी माझा फोन नंबर मागितला.